रंगनायकीचा उपवास

या नवरात्रात तंजावरात देवी प्रकटली. चार पायांनी चालत आली, अन्न वर्ज्य करून आली आणि अंगावर नवरत्ने लेवून आली. दुसऱ्या दिवशी ही वार्ता तिरुवैयारूला पोचली, चौथ्या दिवशी ओरत्तनाडूला, आणि पाचव्या दिवसापासून पापनाशमहून बायकांची एक अख्खी व्हॅन रोज दर्शनाला येऊ लागली. देवीचा जन्म बेंगळुरात एका काचेच्या पेटीत झाला होता. तिचे वय सव्वा वर्ष होते. तिच्या खरेदीची पावती आणि सरकारी नोंदणीचा कागद तुळजारामाच्या कपाटात, जुन्या वीजबिलांखाली होता. पण कागद पाहायला कोणी व्हॅन करून येत नाही.

सातव्या दिवशी संध्याकाळी कमलाक्षी थोरल्या भावाच्या, तुळजारामाच्या, घरी आली तेव्हा तिला आधी चपला दिसल्या, मग माणसे, आणि त्यांच्यापलीकडे कोठेतरी घर. फाटकाशी एक म्हातारा मोगऱ्याचे गजरे विकायला बसला होता. त्याच्या शेजारी एक जण हिरव्या बांगड्या विकत होता. देवीचा रंग हिरवा आहे हे त्याला कोणी सांगितले कोण जाणे.

"ओ अम्मा, लाइनीत!" एका बाईने तिला अडवले.

"घर माझ्या भावाचं आहे."

"असू दे. देवी सगळ्यांची आहे."

कमलाक्षी लाइनीत उभी राहिली. ओरत्तनाडूला जनावरांची डॉक्टर म्हणून तिची वीस वर्षे म्हशींच्या मागे उभे राहण्यात गेली होती. थांबण्याची तिला सवय होती.

आत दिवाणखान्यात कोलू मांडला होता. कोलू म्हणजे नवरात्रातल्या बाहुल्यांच्या पायऱ्या. वरलक्ष्मीवहिनीचा कोलू सात पायऱ्यांचा, आणि त्यावरून गल्लीत दरवर्षी थोडे वैर होत असे. तिसऱ्या पायरीवर मान हलवणाऱ्या दोन तंजावरी बाहुल्यांच्या मधोमध रंगनायकी बसली होती, आणि तीही त्यांच्यासारखीच मागे-पुढे डुलत होती.

रंगनायकी ही शॅमेलिऑन. सरड्याच्याच गोतातली, पण आपल्या बांधावरची नव्हे; तिचे मूळ कुळ अरबस्तानातल्या येमेनचे. डोक्यावर उभा तुरा, दोन डोळे दोन दिशांना, आणि अंगाला रंग बदलण्याची सवय. वहिनीचा भाऊ वेंकटेश बेंगळुरात संगणकाची नोकरी करतो. त्याने भाचीला, अकरा वर्षांच्या लावण्याला, ती वाढदिवसाला दिली. लावण्याने तिचे नाव रंगनायकी ठेवले आणि हाक मारायला रंगू. वहिनीने तिला तमिळात सरळ पच्चोंदी, म्हणजे सरडा, म्हटले आणि स्वयंपाकघरात बंदी घातली. आता त्याच वहिनी, तिला देवी करून पच्चोंदीअम्मन म्हणत, बायकांना सुंडलाचे, म्हणजे हरभऱ्याच्या उसळीचे, द्रोण वाटत होत्या.

कोलूच्या बाजूला उंच स्टुलावर बाळकृष्णराव बसले होते. गावातल्या मराठी घरांचे ते जोस्यर. पत्रिका तेच जुळवत, मुहूर्त तेच काढत. कारण एकच. पुण्याचे पंचांग फक्त त्यांच्याकडे येई, आणि इथली मराठी माणसे तीन शतके मराठी बोलत असली तरी मराठी वाचणारे बोटावर मोजण्याइतकेही उरलेले नाहीत. बाळकृष्णरावांनी पंचांग उघडून मांडीवर धरले होते. पानात मोरपीस होते.

"ऐका!" ते म्हणाले, आणि मोरपिसावर बोट ठेवून डोळे मिटले. ज्याला वाचायचे आहे तो सहसा डोळे उघडे ठेवतो, हे कमलाक्षीच्या मनात आले. "शास्त्रांत सरठारोहण म्हणून प्रकरण आहे. काय लिहिलंय? जे घरीं हरितवर्णा सरटी नवरात्रीं अन्न टाकील, अंगावर नवरत्नें दाखवील आणि भूमि खरवडील, ते घरीं राजधन आहे! ही पच्चोंदी नव्हे. ही कुलूप आहे. जिवंत कुलूप! तुळजारामाचे पूर्वज राजवाड्याच्या जामदारखान्यावर होते. इंग्रज आले तेव्हा त्यांनी नवरत्नांची पेटी कोठें ठेवली?"

"कोठें?" पापनाशमच्या बायकांनी विचारले.

"तेच आतां अम्मा सांगेल."

बाळकृष्णराव उठले. अंगठ्या घातलेला उजवा हात त्यांनी रंगनायकीच्या डोक्यावर, वीतभर उंचावर, पसरला. "अम्मा! धन आहे काय?"

रंगनायकी क्षणात काळवंडली. गळा फुगला, तोंड उघडले, बारीक फूत्कार आला.

"हो म्हणाली!" बाळकृष्णराव ओरडले, आणि दिवाणखान्यात "अम्मा, अम्मा" असा गजर झाला.

मग रंगनायकी पायऱ्यांवरून खाली उतरली, भिंतीच्या कोपऱ्यात गेली आणि पुढच्या पायांनी मोझेकच्या फरशीवर खरखर ओरबाडू लागली. शेकडो डोळे तिच्यावर लागले. ती थांबली, एक डोळा लोकांकडे आणि एक भिंतीकडे लावून तशीच बसली, आणि पुन्हा पायऱ्या चढून बाहुल्यांमध्ये गेली.

"काय गे कमळ, पाहिलंस?" तुळजाराम तिच्या कानाशी म्हणाला. तो वीजखात्यात सुपरिंटेंडेंट होता, आणि आयुष्यात प्रथमच त्याच्याकडे लोक तक्रार न घेता आले होते. "दिवसांतून दहादां तोच कोपरा. विजयादशमीच्या पहाटे खणायचं ठरलंय. नऊ सुवासिनींच्या नऊ सोन्याच्या अंगठ्या कलशांत घालून रात्रभर त्या खड्ड्यांत पुरायच्या. सोनं सोन्यास ओढून घेतं."

"आणि कलश पुरणार कोण, अण्णा?"

"जोस्यरमामा. एकटेच. दुसऱ्यानं पाहायचं नाही."

"असं होय," कमलाक्षी म्हणाली.

लावण्या तिला मागच्या अंगणात घेऊन गेली. पोरीचे डोळे सुजले होते.

"आत्ते, रंगू सहा दिवस जेवली नाही. मी नाकतोडा दिला तर तोंड फिरवते. सगळे म्हणतात उपवास. पण ती उपवास कशाला करेल? तिला काय ठाऊक नवरात्र?"

या घरात आठवडाभरात विचारला गेलेला हा पहिला शहाणा प्रश्न होता. कमलाक्षीने मद्रासला फोन लावला. सत्यनारायण तिचा वर्गमित्र, इथल्याच मराठी घरातला. आता तिकडे पोपट, कासवे आणि श्रीमंतांच्या घोरपडी तपासत असे.

"बोल कमळ. म्हैस का शेळी?"

"शॅमेलिऑन."

"तुझी बदली जाहली काय?"

"थट्टा नंतर कर. मी आयुष्यात एकही तपासलेली नाही. मादी आहे, पोट गोट्या भरलेल्या पिशवीसारखं. सहा दिवस खाणं बंद. काळपट हिरवी, अंगावर निळे-पिवळे ठिपके."

"अंडी आहेत. पोटुशी असली की त्यांना असेच ठिपके उमटतात. नर मला नको, दूर हो, असा त्याचा अर्थ."

"नर घरांतच नाही."

"नसला तरी अंडी होतात. जमीन खरवडते काय?"

"एक कोपरा धरलाय."

"माती आहे तेथें?"

"मोझेक."

"मग कोठें घालणार बिचारी? हे बघ, वीतभर खोल ओलसर वाळू दे आणि एकटी सोड. एकटी म्हणजे एकटी. माणूस दिसला की ती खणणं टाकून देते. अंडी पोटांतच अडकून राहतात आणि जीव घेतात. सध्या तिला किती जण पाहतात?"

"आज साडेतीनशे."

मग सत्यनारायण म्हणाला, "दिवसा डोळे मिटायला लागली की वेळ संपत आली समज. तशीच घेऊन ये मजकडे. पोचेल असं मात्र सांगत नाही."

लावण्या फोनला कान लावून उभी होती. तिने अंगणातली बादली उचलली आणि पुढच्या गल्लीत घर बांधत होते तिकडून वाळू भरायला निघाली.

बादली दिवाणखान्याच्या उंबऱ्याशी अडली.

"कोलूच्या दिवसांत घरांत वाळू?" वरलक्ष्मीवहिनी म्हणाल्या. "सकाळपासून तीनदां फरशी पुसली मी!"

"देवीस बादलींत घालता?" तुळजाराम म्हणाला.

"राजधनाची राखणदार प्लास्टिकच्या बादलींत!" बाळकृष्णराव लोकांकडे वळून म्हणाले. "आणि हे कोण सांगतंय? म्हशींचा डॉक्टर!"

लोक हसले. बादली अंगणात परत गेली. कमलाक्षीने दुसऱ्या दिवसाची रजा टाकली.

अष्टमीच्या सकाळी नऊ वाजता, भर उजेडात, रंगनायकीने एक डोळा मिटला. थोड्या वेळाने दुसराही.

"समाधि!" बाळकृष्णरावांनी घोषणा केली. लोकांनी हात जोडले.

"आत्ते," लावण्याने कमलाक्षीचा पदर ओढला. "डोळे."

कमलाक्षीने पाहिले होते. मद्रास आठ तासांवर होते, आणि रंगनायकीला खोक्यात घालून या गर्दीतून बाहेर काढायचे म्हणजे आधी हाणामारी झाली असती. ती हिशेब करीत असतानाच वरलक्ष्मीवहिनी स्वयंपाकघरातून आल्या. हातात डोसे उलटायचे उलथणे तसेच होते.

"कापी कोणास कोणास?" त्यांनी कॉफीचे विचारले, आणि मोजायला उलथणे कोलूसमोर बसलेल्यांवरून फिरवले. ते तिसऱ्या पायरीवरून गेले मात्र, रंगनायकीने डोळे उघडले, काळीठिक्कर झाली, गळा फुगवला आणि फूत्कारली.

"हो म्हणाली!" लावण्या ओरडली. "रंगूस पण कापी पाहिजे!"

मागच्या रांगेत दोघे-तिघे फिसकन हसले. पुढच्या रांगेने त्यांच्याकडे वळून पाहिले.

"उलथणं असलं म्हणून काय जाहलं?" बाळकृष्णराव ठामपणे म्हणाले. "देवीच्या घरचं उलथणं आहे."

कमलाक्षी हसली नाही. तिने स्टुलाजवळ जाऊन नम्रपणे विचारले, "मामा, कोपऱ्यांत धन नक्की आहे ना?"

"शास्त्र खोटं बोलत नाही."

"मग आजच खणूया."

बाळकृष्णरावांचा चेहरा एखाद्या यजमानाने दक्षिणा न देताच निरोप दिल्यासारखा झाला. "आज? विजयादशमीचा मुहूर्त…"

"उद्यां नवमी. आयुधपूजा. उद्यां कुदळीस हात लावायचा नाही, पहारेस लावायचा नाही. म्हणजे परवापर्यंत अम्मा उपाशी. आपलं धन मिळावं म्हणून तिला उपाशी ठेवायचं काय? आज हत्यारं मोकळी आहेत."

"पण अंगठ्या जमल्या नाहींत…"

"अंगठ्यांवाचून निघालं तर बरंच. नाही निघालं तर परवा अंगठ्या घालून पाहू."

हा व्यवहार लोकांना एकदम पटला. अंगठी न देता खजिना पाहायला मिळत असेल तर त्याला विरोध करणारा माणूस तंजावरात अजून जन्मायचा होता. "सरी! सरी! आजच!" असा होकाराचा कल्ला झाला. पापनाशमच्या बायका तर पदर खोचून तयार झाल्या. बाळकृष्णरावांनी चारी बाजूंना पाहिले आणि म्हणाले, "मीही आतां तेंच सांगणार होतो."

तुळजारामाने बहिणीला बाजूला घेतले. "कमळ, तुझा विश्वास बसला?"

"त्या कोपऱ्यांतून पांढरं काहीतरी निघेल, अण्णा. लिहून देते."

"पांढरं?" त्याचा आवाज चिरकला. "मोती?"

"निघालं म्हणजे पाहू. पण मी तिची डॉक्टर, माझी एक अट. दोन फरश्या काढायच्या, वीतभर खणायचं, खड्डा मोकळा ठेवायचा, आणि सगळ्यांनी घरी जायचं. परवा सकाळपर्यंत दिवाणखान्यांत माणूस नको. ती माणसांना भिते."

"देवीस एकांत पाहिजे," पुढची बाई मागचीला म्हणाली. "एकांतांत कुलूप उघडणार," मागची तिच्या मागचीला म्हणाली. फाटकापर्यंत जाता जाता त्याचे असे झाले की, दिवाणखान्यात पाऊल टाकील त्याची दृष्टी जाईल. कमलाक्षीने यातले काही म्हटले नव्हते. पण माणसे निघून जात होती, आणि फाटकाशी धावत जाऊन दुरुस्ती करण्याइतकी ती थोर नव्हती.

फरश्या निघाल्या. खाली दमट वाळू लागली. तुळजारामाने स्वतः वीतभर खणले, आणि आणखी थोडे खणू काय असे तीनदा विचारले. मग कोपऱ्याला वहिनीच्या जुन्या रेशमी साडीचा आडोसा बांधला, रंगनायकीला आत सोडले आणि दार ओढून घेतले.

संध्याकाळी प्रथेप्रमाणे घरातली सगळी पुस्तके सरस्वतीपुढे ठेवायची होती. ती देवघरात ठेवली की नवमीभर कोणी वाचायचे नाही, आणि दशमीला सकाळी मुलाबाळांनी एकेक उचलून चार ओळी मोठ्याने वाचायच्या. लावण्याने गणिताचे पुस्तक सर्वांत आधी आणि सर्वांत तळाशी ठेवले. तुळजारामाने खात्याचे नियमपुस्तक ठेवले. बाळकृष्णराव पंचांग काखेत धरून निघाले होते, त्यांना वहिनीने दारात गाठले.

"मामा, पंचांग?"

"हे मजपाशीं असूं दे. शास्त्राचं आहे."

"मग तर आधी पाहिजे! सरस्वतीपुढे सगळी पुस्तकं सारखी," असे म्हणून वहिनीने ते मोरपिसासकट हातातून घेतले आणि ढिगावर ठेवून हळदकुंकू वाहिले. पुस्तक पूजेत गेल्यावर परत मागणारा जोस्यर कोणी पाहिलेला नाही. बाळकृष्णरावही रिकाम्या काखेने घरी गेले.

नवमीचा दिवस शांत गेला. सगळे गाव आपापल्या स्कूटरी, शिवणयंत्रे आणि लॉऱ्यांना गंध लावण्यात आणि चाकाशी भोपळे फोडण्यात गुंतले होते. देवीची कोणाला आठवण नव्हती, आणि देवीला तेच हवे होते. कमलाक्षी दिवाणखान्याच्या बंद दाराबाहेर खुर्ची टाकून बसली. लावण्या तिच्या पायाशी.

"फक्त एकदां बघते, आत्ते."

"तू जेवढी बघशील तेवढा तिला उशीर."

"मग तिला काही जाहलं तर कळणार कसं?"

दुपारी एकला कमलाक्षीने दाराच्या फटीतून अर्धा क्षण पाहिले. साडीच्या कडेपलीकडे वाळू उडत होती. तीनला पाहिले तेव्हा खड्ड्यात फक्त तुरा दिसत होता, हालचाल नव्हती. तिने लावण्याला सांगितले, "ठीक आहे," आणि ते खरे आहे की नाही याची तिला खात्री नव्हती. म्हशीची गोष्ट वेगळी. म्हशीला खांद्यापर्यंत हात घालून विचारता येते.

साडेपाचला आतून खरखर ऐकू आली. दोघी दारातून डोकावल्या. खड्डा बुजलेला होता, वर वाळू नीट थापलेली होती, आणि रंगनायकी साडीला लटकून वर चढत होती. पोट रिकाम्या पिशवीसारखे लोंबत होते. कमलाक्षीने पाण्याचे थेंब तिच्या तोंडाशी सोडले. ती प्यायली, पुष्कळ वेळ प्यायली. मग कोलूच्या मागून एक झुरळ निघाले आणि रंगनायकीची जीभ सप्पकन बाहेर आली.

देवीचा आठ दिवसांचा निराहार उपवास झुरळावर सुटला. लावण्या भिंतीला टेकून बसली आणि रडली.

विजयादशमीला सकाळी सातलाच दिवाणखाना भरला. बाळकृष्णराव तांब्याचा कलश घेऊन आले होते. अंगठ्यांची आशा त्यांनी सोडलेली नव्हती. कमलाक्षीने साडीचा आडोसा काढला आणि चमच्याने वाळू बाजूला करू लागली. वीतभर खाली पांढरे चमकले. एक, मग तीन, मग ढीगच.

"मोती!" तुळजाराम गुडघ्यांवर आला.

सर्वांत मोठे आश्चर्य बाळकृष्णरावांना वाटले, कारण तिथे काही निघेल असे या घरात फक्त त्यांनाच वाटत नव्हते. पण ते जातीचे कलावंत. एका श्वासात सावरले. "पाहा! राजधन! मी काय म्हणालो? आतां हे मोती कलशांत घालून शांतीसाठीं माझ्या घरीं…"

"हा घ्या," कमलाक्षीने एक त्यांच्या तळहातावर ठेवला. "जरा दाबून पाहा, मामा."

त्यांनी दाबला. त्याला खळगा पडला.

"मोती मऊ असतो काय?"

"जुना मोती मऊ पडतो."

"अंडं आहे ते." कमलाक्षी लोकांकडे वळली. "अडतीस आहेत. रंगनायकी उपाशी नव्हती, पोटुशी होती. पोटांत जागा नव्हती म्हणून खात नव्हती. अंगावर नवरत्नं नव्हती, पोटुशीचे ठिपके होते. कोपरा खरवडत होती, कारण भिंतीपलीकडे न्हाणीघर आहे, तेवढाच कोपरा दमट लागतो, आणि तिला अंडी घालायला ओली वाळू हवी होती."

"पण नवऱ्यावाचून अंडी?" पापनाशमची एक बाई उसळली. "मग हाच चमत्कार!"

"तुमच्याकडे कोंबड्या आहेत, अम्मा?"

"चार."

"कोंबडा?"

"गेल्या पोंगलला कापला."

"त्यानंतर अंडी?"

"रोज," बाई म्हणाली, आणि थांबली.

"मग देऊळ बांधलं काय खुराड्याचं?"

या वेळी पुढची रांगही हसली. "आणि हो म्हणणं?" कोणीतरी मागून विचारले, पण जरा अंग चोरूनच.

"डोक्यावर काही आलं की तिला वाटतं घार आली. भीतीनं काळी पडते. मामांचा हात आला, काळी पडली. वहिनीचं उलथणं आलं, काळी पडली. मामांनी धन विचारलं होतं, वहिनीनं कापी."

"शास्त्राचं काय?" बाळकृष्णराव स्टुलावर चढून उभे राहिले. "छापलेलं शास्त्र आहे! पुण्यास छापलेलं!"

"पुस्तकं!" वरलक्ष्मीवहिनी एकदम म्हणाल्या. "अय्यो, दशमीचं वाचणं राहिलं की! लावी, जा, एक घेऊन ये."

लावण्याला गणिताचे पुस्तक तळातून काढायचे नव्हते. तिने सगळ्यात वरचे आणले. मोरपीस होते तेच पान उघडले. ती शाळेनंतर हिंदीच्या परीक्षांना बसत होती, हे बाळकृष्णरावांना ठाऊक असायचे कारण नव्हते. अक्षरावर बोट ठेवत, डोळे सताड उघडे ठेवून तिने वाचले:

"गृ-हि-णीं-ची… पहि-ली… पसं-ती. दोन… बर्-नर-ची… शे-ग-डी." तिने वर पाहिले. "आत्ते, शेगडी म्हणजे?"

"स्टोव्ह."

"पुन्हां वाच," तुळजाराम म्हणाला. तिने पुन्हा वाचले. शेगडी दोन बर्नरचीच निघाली.

"वाऱ्यानं पान उलटलं असेल," बाळकृष्णराव म्हणाले.

"पीस तुम्हींच घातलं होतं, मामा." कधीकाळी त्याच हिंदीच्या परीक्षा दिलेल्या कमलाक्षीने पंचांग घेऊन पाने चाळली. "सरठारोहण आहे खरं, दहा पानं पुढे. सरडा कोणत्या अवयवावर चढला तर काय फळ, एवढंच. त्याचाही अनुभव कोणी घेऊन पाहिलेला नाही. धनाचं एक अक्षर नाही."

बाळकृष्णराव स्टुलावरून उतरले आणि त्याच स्टुलावर बसले. "माझ्या वडिलांस येत होतं वाचायला," ते हळूच म्हणाले. "मज आकडे तेवढे कळतात. लोक विचारायला येतात. नाही येत म्हणून कसं सांगायचं?"

"तसंच सांगायचं, मामा," कमलाक्षी म्हणाली. तिच्या आवाजात आता चेष्टा नव्हती. "तुम्ही नाही म्हणाला असता तर आम्ही दुसऱ्याला विचारलं असतं. आणि आम्हीही काय मोठे? सात दिवस हा जीव एकच सांगत होता, वाळू द्या आणि निघून जा. आम्ही साडेतीनशे जण हात जोडून तिच्यासमोर बसलो आणि तिला मरणाच्या दारांत नेलं. ती जेवत का नाही, हे एका मुलीनं विचारलं. आपण कोणी नाही. पुढच्या वेळी असं काही दिसलं तर हात जोडा, मी नको म्हणत नाही. पण आधी तेवढं विचारा, आणि दुसऱ्या कशानं तसंच होतं काय ते करून पाहा. उलथण्यानं होत असेल तर माणसाच्या पाया पडायला नको."

लोक उठू लागले. काही जण हसत होते, काही जण चपला शोधण्यात फार मन घालत होते. बांगडीवाल्याने दुकान आवरले. लावण्याने रंगनायकीला काठीवर घेतले आणि तिच्या खोलीत नेले, जिथे आता वाळूची बादली कायमची ठेवायची असे वहिनीने न विचारता कबूल केले होते.

तुळजाराम मात्र खड्ड्याच्या काठावरच बसून होता. त्याने मूठभर वाळू उचलली आणि बोटांमधून सोडली.

"अंडी तर अंडी," तो म्हणाला. "पण कमळ, मोझेकखाली नदीची अशी चाळलेली वाळू कशी? कोणीतरी मुद्दाम घातली आहे. वाळूखालीं काय असेल? आपल्या पूर्वजांनी आणखी खोल…"

"अहो," वरलक्ष्मीवहिनी अंडी एका डब्यात भरत म्हणाल्या, "हे घर मामंजींनी ब्याऐंशी सालीं बांधलं. त्याआधी येथें तळं होतं. चौदा लॉऱ्या वाळू घालून बुजवलं, आणि तुम्हीं त्या ढिगावरून पडून हात मोडून घेतलात."